प्रवेश मिळाला, पण तयारीचे काय?

आपल्या समाजातील एखाद्या मुलाला वा मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की त्या घरी आनंदाला पारावार राहात नाही. मलिद्याचे ताट भरते, पोह्यांत ओला नारळ कालवला जातो, एलियाहू हन्नाबीचे स्मरण होते आणि बीरशेबातल्या आत्यापासून ठाण्यातल्या मावशीपर्यंत सर्वांना ही वार्ता कळवली जाते. ज्या वडीलधाऱ्यांनी अलियानंतर मिळेल ते काम पत्करून, परक्या भाषेशी झुंज देऊन संसार उभे केले, त्यांच्या नातवंडाच्या नावामागे 'डॉक्टर' ही उपाधी लागणार ह्याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? पण पाहुणे परतल्यावर आणि ताट रिकामे झाल्यावर एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. प्रवेश मिळाला हे खरे. पण ज्या कामासाठी हा प्रवेश, त्या कामाची तयारी कोठे आणि कशी होणार?

पुस्तकी विद्या आणि कामाची वृत्ती ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी वॉर्डात पहिला ठरतोच असे नाही. वेळेवर हजर राहणे, हाती घेतलेले काम तडीस नेणे, जे येत नाही ते 'येत नाही' असे म्हणणे, झालेली चूक न लपविणे, सिस्टर आणि वॉर्डबॉय ह्यांच्याशी आदराने वागणे आणि अंग थकले असतानाही रोग्याशी सौम्य शब्दांत बोलणे, ह्या गुणांना आम्ही कामाची वृत्ती म्हणतो. गुणपत्रिकेत त्यांचा रकाना नसतो. कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत. तेल्याच्या मुलाला घाणा शिकविण्यास पुस्तक नव्हते. बापाच्या शेजारी उभे राहून, आधी बैलाला चारा घालीत, मग तीळ निवडीत, मग घाण्यावर बसून तो शिके. बापाचा डोळा त्याच्यावर असे आणि काम अंगवळणी पडल्याखेरीज घाणा त्याच्या हाती जात नसे. डॉक्टरकीचे शिक्षणही शेवटी ह्याच जातीचे आहे. ते मुद्दाम आखून कसे देता येते हे पाहावयाचे असेल, तर सिंगापूरकडे पाहावे असे आम्हांस वाटते.

सिंगापूर का? एक तर तो देश आपल्या इस्राएलसारखाच आकाराने लहान, आणि बाहेरून आलेल्या माणसांनी उभा केलेला. चिनी, मलायी, तमिळ आणि इतर अनेक लोक तेथे एकत्र राहतात, आणि राज्यकारभाराच्या भाषाच चार आहेत. तेथील बगदादी यहुदी समाज जुना असून वॉटर्लू रस्त्यावरील त्यांचे मागेन आबोथ सिनेगॉग १८७८ सालचे आहे. ऑक्सली राइजवरील दुसरे सिनेगॉग, खेसेद एल, १९०५ साली उभे राहिले. आणि योगायोग असा की, त्याच वर्षी सिंगापुरात पहिली वैद्यकीय शाळा निघाली.

त्या शाळेची जन्मकथा आपल्यासारख्या स्थलांतरितांना बोधप्रद आहे. स्थानिक तरुणांना डॉक्टर होण्याची सोय गावातच व्हावी म्हणून तान जिआक किम ह्या चिनी पुढाऱ्याने इतर मंडळींसह गव्हर्नरकडे अर्ज केला. सरकारचे उत्तर आले की, लोकांनी ७१,००० डॉलर जमवावेत, मग पाहू. लोकांनी ८७,०७७ डॉलर जमविले. त्यांतील १२,००० एकट्या तान जिआक किम ह्यांचे होते. ३ जुलै १९०५ रोजी, वेड्या स्त्रियांच्या इस्पितळाच्या एका जुन्या इमारतीत, २३ विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. १९१० साली पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा पदवी हाती आलेले फक्त सात होते. तेवीसांनी सुरुवात केली आणि पाच वर्षांनी सातच पदवीधर झाले, हा हिशेब प्रत्येक आईबापाने मनात ठेवावा. त्या सातांपैकी चेन सू लान ह्यांनी पुढे अफूच्या व्यसनाविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली. समाजाच्या वर्गणीतून शिकलेल्या डॉक्टराने समाजाच्या सर्वांत दुखऱ्या जागी हात घातला. कामाची वृत्ती म्हणतात ती हीच.

आज सिंगापुरात तीन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १९०५ च्या त्या शाळेचा वारसा राष्ट्रीय विद्यापीठाच्या योंग लू लिन महाविद्यालयाकडे आला आहे. ड्यूक-एनयूएस हे आधीच एक पदवी घेतलेल्यांसाठी असून तेथे २००७ साली पहिले विद्यार्थी आले. ली काँग चिआन महाविद्यालय लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या सहकार्याने २०१३ साली सुरू झाले. तिन्ही ठिकाणी प्रवेशाला उत्तम गुण लागतात. परंतु केवळ गुणांवर प्रवेश मिळत नाही. ली काँग चिआनमध्ये उमेदवाराला एका मागून एक अशा अनेक छोट्या मुलाखतींस सामोरे जावे लागते. राष्ट्रीय विद्यापीठात निरनिराळे प्रसंग पुढे ठेवून 'अशा वेळी तू काय करशील?' असे विचारले जाते. सोबत्याची चूक दिसली तर काय कराल, रागावलेल्या माणसाशी कसे बोलाल, अशा धर्तीचे हे प्रश्न असतात. पाठांतराने त्यांची उत्तरे देता येत नाहीत. ती घरच्या वळणातून येतात.

प्रवेशानंतरच्या शिकविण्यातही हाच हेतू दिसतो. ड्यूक-एनयूएस आणि ली काँग चिआन येथे व्याख्यानांना फाटा देऊन गटाने शिकण्याची पद्धत अवलंबिली आहे. विद्यार्थ्याने धडा आधीच वाचून यावयाचा. वर्गात प्रथम प्रत्येकाने एकट्याने एक छोटी परीक्षा द्यावयाची. मग तीच परीक्षा गटाने एकत्र बसून, चर्चा करून, एका मताने सोडवावयाची. वरकरणी ही गोष्ट साधी वाटते, पण तिच्यात मोठे मर्म आहे. लहानपणापासून 'आमचा मुलगा कधी चुकत नाही' असे ऐकत आलेल्या हुशार मुलाला तेथे प्रथमच कळते की, शेजारच्या अबोल मुलीचे उत्तर बरोबर होते आणि आपण ते ऐकून घेतले नाही. त्या मुलीलाही कळते की, बरोबर उत्तर ठाऊक असून गप्प बसणे हाही दोष आहे. उद्या शस्त्रक्रियेच्या टेबलाशी एकाचा हट्ट किंवा दुसरीचे मौन रोग्याच्या जिवावर बेतू शकते.

वर्गाबाहेरही शिक्षण चालते. २००७ पासून राष्ट्रीय विद्यापीठाचे विद्यार्थी 'नेबरहूड हेल्थ सर्व्हिस' नावाचा उपक्रम स्वतःच चालवितात. सरकारी भाड्याच्या लहान घरांत राहणाऱ्या गरीब वस्तीत ते दारोदार जातात, रक्तदाब आणि साखर तपासतात आणि गरज पडल्यास पुढे दवाखान्यात जाण्यास सांगतात. काही दारे उघडत नाहीत, काही तोंडावर बंद होतात. कोणी म्हातारा रक्तदाब तपासून घेण्याऐवजी तासभर आपल्या मुलांविषयीच बोलत बसतो. ज्याने अशा दारात उभे राहून धीराने ऐकून घेतले, त्याला पुढे बाह्यरुग्ण विभागात 'औषध वेळेवर का घेतले नाही?' असे रोग्यावर खेकसण्याआधी क्षणभर थांबावेसे वाटेल. घरात औषधाला पैसे नसतात, गोळ्यांवरची अक्षरे वाचता येत नाहीत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

परंतु खरी कसोटी लागते ती विद्यार्थिदशेतून डॉक्टरकीत पाऊल टाकताना. काल ज्याला केवळ पाहावयाचे होते, त्याला आज करावयाचे असते. ही दरी एका उडीत ओलांडावी लागू नये म्हणून सिंगापुरात अखेरच्या वर्षी विद्यार्थ्याला वॉर्डाच्या पथकात सामील करून घेतात. तो रोगी तपासतो, केसपेपरवर नोंदी लिहितो, राउंडच्या वेळी आपल्या रोग्याची हकीकत सांगतो; मात्र वरिष्ठाच्या देखरेखीखाली. पदवीनंतर एक वर्ष 'हाउस ऑफिसर' म्हणून काढावे लागते. त्या काळात नोंदणी तात्पुरतीच असते. साधारणतः चार-चार महिन्यांच्या तीन नेमणुका होतात, आणि त्यांत औषधवैद्यकशास्त्र व शल्यचिकित्सा हे विभाग करावेच लागतात. हे वर्ष समाधानकारक झाल्यावरच पूर्ण नोंदणीचा मार्ग मोकळा होतो. आपल्या इस्राएलमधील स्टाजचे वर्ष ज्यांच्या मुलांनी काढले आहे, त्यांना ह्याची कल्पना येईल.

ह्या वर्षातले काम मोठे दिमाखदार नसते. पहाटे रक्ताचे नमुने घेणे, सलाईनसाठी शीर शोधणे, तपासण्यांचे निकाल गोळा करणे, डिस्चार्जचे कागद लिहिणे, नातेवाइकांना तेच ते पुन्हा समजावून सांगणे. मुलाने रंगविलेल्या चित्रात हे काहीच नसते. म्हणून तो हिरमुसतो. पण डॉक्टर घडतो तो ह्याच कामांतून. पाळी संपताना पुढच्या डॉक्टराला 'सात नंबरच्या खाटेवरील आजीची लघवी कमी होत आहे, मध्यरात्री पुन्हा पाहा' हे एक वाक्य सांगावयास जो विसरतो, त्याच्या सुवर्णपदकाचा त्या आजीला काय उपयोग? आणि रात्री दोन वाजता रोग्याचा श्वास लागला असता, वरिष्ठ रागावतील ह्या भीतीने त्यांना न उठविणारा तरुण कितीही हुशार असो, तो अजून तयार झालेला नाही. मदत मागणे हे कमीपणाचे लक्षण नसून जबाबदारीचे लक्षण आहे, हे ज्याला त्या वर्षात उमगले, त्याचे वर्ष सार्थकी लागले.

कामाच्या वृत्तीची सर्वांत कठोर परीक्षा सिंगापूरने २००३ साली पाहिली. त्या वर्षी सार्स रोगाची साथ आली. २३८ जणांना लागण झाली, ३३ दगावले. लागण झालेल्यांत दर पाचांपैकी सुमारे दोघे इस्पितळांतच काम करणारे होते, आणि मृतांत डॉक्टर व परिचारिका ह्यांचाही समावेश होता. शल्यचिकित्सक अलेक्झांड्र चाओ हे कुटुंबासह अमेरिकेत रजेवर होते. रजा अर्धवट टाकून ते कामावर परतले आणि ह्या रोगाने वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी गेले. अशा उदाहरणापुढे मस्तक नमते. पण त्याच वेळी विद्यार्थ्यांना मात्र वॉर्डांतून दूर ठेवण्यात आले, हेही ध्यानात घ्यावे. ज्याची तयारी पुरी झालेली नाही त्याला आगीत लोटणे हे शौर्य नव्हे.

२०२० साली कोविडची साथ आली तेव्हाही विद्यार्थ्यांचे इस्पितळांतील शिक्षण थांबविण्यात आले. पण घरी बसूनही काम दिसणाऱ्याला दिसतेच. त्या वर्षी सिंगापुरातील बहुसंख्य रोगी परदेशातून आलेले मजूर होते. ते मोठमोठ्या वसतिगृहांत दाटीने राहात, आणि त्यांत बंगाली बोलणारे पुष्कळ होते. डॉक्टरांना त्यांची भाषा येईना, त्यांना डॉक्टरांची कळेना. तेव्हा वैद्यकीय शिक्षण नुकतेच संपविलेल्या एका तरुणीने रोग्याला विचारावयाचे नेहमीचे प्रश्न बंगालीत उतरवून वेबसाइटवर सर्वांसाठी ठेवले. हळूहळू इतर स्वयंसेवक मिळाले आणि इतर भाषांचीही भर पडली. घरची भाषा तिच्यापाशी होती आणि गरज तिने ओळखली. वाचकहो, कुपत होलीमच्या खिडकीशी उभे राहून, पोटात कोठे दुखते हे हिब्रूत सांगता न आल्याने ज्यांच्या आजीचे डोळे पाण्याने भरले, त्यांना ह्या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको. आपल्या घरातील मराठी ही मुलांनी विसरून जावयाची अडगळ नव्हे. उद्या ती एखाद्या वृद्धेच्या उशाशी औषधाइतकीच उपयोगी पडेल.

मात्र कामाची वृत्ती म्हणजे मरेमरेतो राबणे असा अर्थ कोणी घेऊ नये. सिंगापुरात २०१० साली विशेषज्ञ डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची नवी पद्धत अमेरिकेच्या धर्तीवर आली, तेव्हा तिच्यासोबत आठवड्याला सरासरी ८० तासांहून अधिक काम देऊ नये हा नियमही आला. ८० तास म्हणजेसुद्धा सामान्य नोकरदाराच्या दुप्पट! २०२२ साली तरुण डॉक्टरांच्या स्वास्थ्याचा विचार करण्यासाठी तेथे एक राष्ट्रीय समिती नेमावी लागली. आपल्याकडेही २०२१ साली स्टाजच्या आणि विशेषज्ञतेचे शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरांनी सलग २६ तासांच्या पाळीविरुद्ध मोठे आंदोलन केले, हे वाचकांना स्मरत असेल. त्यांना आळशी म्हणणारे वडीलधारे आम्ही ऐकले आहेत. आम्हांला ते मत मान्य नाही. झोपेने डोळे मिटत असताना औषधाचे माप चुकू शकते. 'मी थकलो आहे, मला बदली माणूस द्या' असे वेळीच सांगणे हेही प्रामाणिक कामातच मोडते.

वृत्तीविषयी समाजाचे अंदाज किती चुकू शकतात ह्याचेही उदाहरण सिंगापूरनेच दिले आहे. १९७९ साली तेथे वैद्यकीय प्रवेशांत मुलींचे प्रमाण एक तृतीयांशापुरते मर्यादित करण्यात आले. लग्न झाल्यावर, मुले झाल्यावर स्त्रिया काम सोडतात किंवा कमी करतात, मग त्यांच्यावर सरकारी पैसा का खर्चावा, असा युक्तिवाद होता. ही मर्यादा २००३ सालच्या प्रवेशांपासून उठली. मधल्या दोन तपांत किती हुशार मुलींची वाट अडली असेल! बेने इस्राएल वाचकांना तर हा युक्तिवाद खोटा पाडणारे नाव चटकन आठवेल. डॉ. जेरूशा झिराड ह्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून पुढे लंडन विद्यापीठाची एम. डी. १९१९ साली मिळविली. १९२८ पासून १९४७ पर्यंत त्या कामा इस्पितळाच्या प्रमुख होत्या, आणि १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. कामाची वृत्ती बाई की पुरुष हे पाहून येत नसते.

आता ऋणाची गोष्ट. सिंगापुरात डॉक्टर घडविण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते, आणि त्याच्या मोबदल्यात विद्यार्थ्याकडून करार लिहून घेते. राष्ट्रीय विद्यापीठातून पदवी घेणाऱ्या नागरिकाने पाच वर्षे, तर परदेशी विद्यार्थ्याने सहा वर्षे सार्वजनिक आरोग्यसेवेत काम केले पाहिजे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडून दशकभराचा शब्द घेणे कडक आहे, हे आम्हांला मान्य आहे. काहींना तो शब्द पुढे जड जात असेल. पण त्यातील तत्त्व रास्त आहे. डॉक्टरकी ही केवळ आपल्या बुद्धीची कमाई नसते. कर भरणारा टॅक्सीवाला, शिकाऊ हाताने तीनदा सुई टोचली तरी मुकाट्याने हात पुढे करणारा रोगी आणि मरणोत्तर देह देणारा अनामिक माणूस, ह्या सर्वांचे ते देणे असते. करार संपला तरी ते देणे संपत नाही.

मग आईबापांनी करावे तरी काय? आमच्या अल्प मतीप्रमाणे चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मुलाला डॉक्टर व्हावयाचे आहे की आपल्याला डॉक्टराचे आईबाप व्हावयाचे आहे, ह्याचा मनाशी प्रामाणिक निवाडा करावा. दुसरी, प्रवेशापूर्वी त्याला एखाद्या वृद्धाश्रमात वा इस्पितळात काही आठवडे सेवेला पाठवावे. मलमूत्राचा वास, रोग्याची चिडचिड आणि म्हाताऱ्यांचे एकटेपण पाहूनही ज्याचे मन तेथे रमते, त्याने खुशाल पुढे जावे. ज्याचे रमत नाही त्याला दोष न देता दुसरी वाट मोकळी करून द्यावी. तिसरी, घरात चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा आणि लपविणाऱ्याला शाबासकी असा उफराटा न्याय चालू देऊ नये. कारण आज फुटलेली बरणी लपविणारा उद्या चुकलेले औषधही लपवील. चौथी, आपल्या समाजातील कितीतरी स्त्रियांनी परिचारिका म्हणून आयुष्ये वेचली. त्यांच्या कामाविषयी घरात आदराने बोलावे. ज्या घरात सिस्टरला मान, त्या घरचा डॉक्टर वॉर्डात कधी एकटा पडत नाही.

'पी हळद नि हो गोरी' असा हा मामला नाही. सिंगापूरसारख्या श्रीमंत आणि शिस्तप्रिय देशालाही हे शिक्षण सव्वाशे वर्षांच्या घरात पोहोचले तरी अजून सुधारीत राहावे लागते. मग आपण एका प्रवेशपत्राने सारे झाले असे कसे समजावे? मलिदा अवश्य करा. पण तो एकदाच करून थांबू नका. आपला मुलगा वा मुलगी स्टाजच्या पहिल्या रात्रपाळीहून सकाळी घरी येईल, डोळे तांबारलेले असतील, आणि चहाचा पेला हातात घेऊन हळूच म्हणेल, 'आज माझी एक चूक झाली. पण मी लगेच वरच्या डॉक्टरांना सांगितले, आणि रोगी बरा आहे.' त्या सकाळी पुन्हा एकदा पोहे भिजत घाला, नारळ फोडा. तुमच्या घरी डॉक्टर जन्माला आला तो त्या दिवशी.